पांढरा देठ

बसा.

जागा निवडण्यात वेळ घालवू नका. काठाची माती जिथे पायाखाली घट्ट लागते, तिथे पोतं अंथरा आणि बसा.

समोर माजलगावचं धरण आहे. मार्गशीर्ष लागलाय. सूर्य अजून वर आलेला नाही, उजेड मात्र आलाय.

पाण्यावरून वाफ निघते आहे. रात्री हवा गार झाली, पाणी तेवढं गार झालं नाही. म्हणून ही वाफ. विरळ, पांढुरकी, पाण्याला धरून सरकणारी.

थोडा वेळ तिच्याकडे पाहा.

श्वास आत येऊ द्या. गार आहे. त्याला ओल्या गाळाचा वास आहे, शेवाळाचा वास आहे. लांब कुठेतरी चूल पेटली आहे, तिचा धूर आहे.

श्वास जाऊ द्या.

हातात बांबूची काठी आहे. काठीच्या टोकाला तंगूस. तंगुसाच्या शेवटी गळ. गळावर कणकेची गोळी, घट्ट मळलेली. आणि मधे, पाण्यावर, मोरपिसाच्या देठाचा एक तुकडा उभा आहे. बोटभर. पांढरा.

आज एवढंच पाहायचं आहे.

देठ अर्धा हवेत आहे. अर्धा पाण्यात आहे.

पाहा.

*

सुरुवातीला नजर ठरत नाही.

देठावरून ती पाण्यात उभ्या असलेल्या वाळक्या बाभळीवर जाते. बाभळीवर पाणकावळा बसलाय, पंख पसरून. बदकाचे पंख कोरडे राहतात, याचे भिजतात. म्हणून बुडी मारून आला की तो ते उन्हाला धरतो. ऊन अजून आलेलं नाही. तो तरी पंख पसरून बसलाय.

त्याला पाहून झालं की परत या.

देठाकडे.

मग मन निघतं. घरी जातं. राहिलेल्या कामाकडे जातं, कुणाच्या तरी बोलण्याकडे जातं. त्याला अडवू नका. रागावू नका. ते गेलंय हे कळलं, तेवढं पुरे.

परत या.

देठ तिथेच आहे. पाण्याची बारीक सुरकुती येते, तो जरा वर होतो. सुरकुती पुढे जाते, तो जरा खाली होतो. कुठल्याही सुरकुतीबरोबर तो जात नाही.

श्वास येतो. छाती जरा वर होते. श्वास जातो. छाती जरा खाली होते.

दोन्ही पाहा. आधी देठ. मग छाती. मग परत देठ.

*

आता पाण्याला विचारायचं आहे, तू कुठून आलंस.

मोठ्याने विचारायचं नाही. पाण्याकडे पाहत, मनात.

यातलं काही पाणी सिंदफणेचं आहे. ही नदी पाटोदा तालुक्यात निघते, बालाघाटाच्या डोंगरांत. त्याच तालुक्यात नायगावला मोरांचं अभयारण्य आहे. डोंगरावर पाऊस पडतो, मोर ओरडतात, दगडांमधून पाणी वाट काढतं. खाली आल्यावर तिला बिंदुसरा भेटते. बिंदुसरा बीड शहराच्या मधून येते. पुलांखालून, घाटांजवळून, माणसांच्या रोजच्या आवाजातून. मग दोघी मिळून इकडे येतात.

हे एक पाणी.

दुसरं पाणी कालव्याचं. पैठणला नाथसागर आहे. त्याचा उजवा कालवा १३२ किलोमीटर चालत येतो आणि इथे, या जलाशयात, रिकामा होतो. नाथसागरात गोदावरी आहे. गोदावरीच्या मागे नाशिक आहे, नाशिकच्या मागे त्र्यंबकेश्वर, ब्रह्मगिरी.

म्हणजे तुमच्या समोरचा एखादा थेंब आषाढात ब्रह्मगिरीच्या कड्यावर पडलेला असेल. दुसरा पाटोद्याच्या माळावर. आता दोघे एकाच देठाला टेकून आहेत.

त्यांना वेगळं करता येत नाही.

तो कड्यावरचा पाऊस ऐका. ढगात गेलेला कडा, वाकलेलं गवत, त्यावर पडणारं पाणी. इथे हवा कोरडी आहे. आभाळ स्वच्छ आहे. तरी तो पाऊस इथे आहे, तुमच्यापासून हातभर अंतरावर.

श्वास घ्या.

हात पुढे करा आणि बोटं पाण्यात बुडवा.

गार आहे. मऊ आहे. बोटं बाहेर काढली की बोटांवरचं पाणी हवेत आणखी गार होतं.

राहू द्या तसंच. पुसू नका.

*

काठाकडे पाहा.

नदीला काठ असतो, बऱ्यापैकी ठरलेला. धरणाचा काठ चालतो.

भाद्रपदात पाणी वर होतं, तुमच्या पाठीमागे. त्याची खूण मातीवर अजून आहे. वाळलेलं शेवाळ, काटक्या, एखादी चप्पल, शिंपल्या. मग कालव्याला पाणी सुटलं. रब्बीची ज्वारी प्यायली, हरभरा प्यायला, ऊस प्यायला. थोडं उन्हाने उडून गेलं. पाणी उतरलं आणि काठ आत सरकला.

आज तुम्ही जिथे बसला आहात, तिथे परवापर्यंत मासे फिरत होते.

ही गोष्ट घाईने पुढे नेऊ नका. हाताने माती दाबा. तिच्यात पाणी आहे. हात काढला की ठसा राहतो, आणि ठशात हळूहळू पाझर येतो.

पाहा, येतो का.

रोज गळ टाकणारा माणूस काठी टेकवायला मातीत एक दुबेळकं रोवून ठेवतो. काठ सरकला की तो ते उपटतो आणि पुढे रोवतो. सगळा हिवाळा, सगळा उन्हाळा, दुबेळकं पाण्यामागे जात राहतं. मागे भोकं राहतात. त्या भोकांची एक ओळ असते, चढावरून उताराकडे. वर्षभराचं पाणी तिथे मोजलेलं असतं, कुणी वाचलं तर.

पाणी उतरतं तिथे गाळपेर होते. उघड्या पडलेल्या गाळात माणसं बी टाकतात, काकडी, टरबूज, कधी हरभरा. पाणी परत येण्याआधी ते उगवतं, पिकतं, निघतं.

या गाळाखालीही कुणाची शेतं आहेत. १९८७ साली धरण झालं. साडेसहा किलोमीटरच्या आसपास लांब भिंत उभी राहिली आणि तिच्या मागे रानं, विहिरी, बांधावरचे लिंब, घरांची जोती पाण्याखाली गेली. गावं उठली, दुसरीकडे बसली. त्या गावांची म्हातारी माणसं अजून पाण्याकडे बोट करून सांगतात: तिथं आमचा मळा होता.

बोट जिथे थांबतं तिथे पाणीच दिसतं. तिथेही पाहा.

त्या मळ्यावर काही बोलू नका. काही ठरवू नका. तो तिथे होता. एवढं मनात धरा आणि एक श्वास घ्या.

*

परत देठाकडे.

आता देठापासून खाली जायचं आहे. डोळे उघडेच ठेवा, पण लक्ष तंगुसाबरोबर खाली सोडा. हळू.

वरचं पाणी उजेडाचं आहे. इथे कटला फिरतो. डोकं मोठं, तोंड वरच्या बाजूला वळलेलं. पाण्याच्या वरच्या थरात जे बारीक जीव तरंगतात, ते तो गाळून खातो.

त्याच्याबरोबर थोडं थांबा.

आणखी खाली. उजेड हिरवा होतो. इथे रोहू आहे. तांबूस खवले, ओठाला बारीक झालर. त्याला मधलं पाणी आवडतं. पाण्यात बुडालेल्या काट्याकुट्यांवर शेवाळ धरतं, ते तो ओठांनी खरडतो.

थांबा.

आणखी खाली. आता उजेड जवळजवळ नाही. गाळ आहे. इथे मृगळ आहे. सडपातळ, रुपेरी. तोंड खाली झुकलेलं. कुजलेली पानं, गाळातलं जे काही आहे, ते तो वेचत जातो.

एकच पाणी आहे. तिघे तीन उंचींवर राहतात आणि कुणी कुणाच्या वाटेत येत नाही.

हे पाहत राहा. वर कटला. मधे रोहू. तळाला मृगळ. आणि तिघांमधून सरळ खाली गेलेला तुमचा एक दोरा.

हे मासे इथे आपसूक वाढत नाहीत. पुराच्या वाहत्या पाण्यात ते अंडी घालतात, थांबलेल्या पाण्यात घालत नाहीत. म्हणून बोटाएवढी पिल्लं, बोटुकली, आणून सोडावी लागतात. तीही पूर्वी नदीतून वेचूनच मिळायची. १० जुलै १९५७ या दिवशी ओडिशात अंगुलला हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी माशाच्या मेंदूजवळच्या ग्रंथीचा अर्क माशाला टोचून थांबलेल्या पाण्यात त्याची वीण घडवली. देशात तो दिवस आता मत्स्यशेतकऱ्यांचा दिवस म्हणून पाळतात. तुमच्या दोऱ्याजवळून आत्ता जो रोहू जातो आहे, त्याच्यामागे तोही एक पावसाळा आहे.

मला हे फार मोठं वाटतं. पुराची आठवण एका सुईच्या टोकावरून माशाच्या अंगात जाते, आणि त्याला वाटतं, नदी आली.

*

आता ऐका.

आधी लांबचं. रस्त्यावरून एक गाडी जाते. तिचा आवाज बारीक होत जातो. टिटवी ओरडते. पलीकडच्या काठाला कुणीतरी कपडे आपटतंय. हात खाली आलेला दिसतो, आवाज मागून येतो.

मग जवळचं. काठाला लागणारं पाणी. लप. लप. थांबतं. परत लप.

मग अंगातलं. कानात रक्त वाहतं त्याचा एक संथ सूर आहे. तोंडातली थुंकी गिळल्याचा आवाज. बसल्या जागी हाडाचा एक कट्ट.

माशाला बाहेरून दिसणारा कान नाही. पण रोहू, कटला, मृगळ यांच्या पोटात हवेची एक पिशवी असते. पाण्यात आवाज झाला की ती पिशवी थरथरते. तिच्यापासून डोक्यातल्या कानापर्यंत चिमुकल्या हाडांची एक साखळी आहे. थरथर त्या हाडांवरून कानात जाते. जर्मनीच्या अर्न्स्ट वेबर यांनी १८२० मध्ये या हाडांचं वर्णन लिहून ठेवलं.

शिवाय अंगावर एक रेघ असते, कल्ल्यापासून शेपटीपर्यंत. पाणी जरा हललं तरी तिला कळतं.

म्हणजे तुम्ही पाय सरकवलात, ते खाली कळलं. काठी दगडावर ठेवलीत, ते कळलं. तुम्ही बसलात आणि मग बराच वेळ काहीच केलं नाहीत, तेही कळलं असेल.

माशासारखं ऐकून पाहा. कानांनी ऐकणं थोडं सोडून द्या. पोटाने ऐका. पाठीने ऐका. तळव्यांनी ऐका.

काही ऐकू आलं पाहिजे असं नाही.

श्वास येतो.

श्वास जातो.

देठ उभा आहे.

*

डाव्या बाजूने एक तराफा येतोय.

थर्माकोलच्या तुकड्यांवर प्लास्टिकचं पोतं शिवलेलं. त्यावर मांडी घालून एक भोई बसलाय. दोन्ही हातांत फळीचे छोटे तुकडे, त्यांनीच तो पाणी मागे सारतो. काल संध्याकाळी त्याने जाळं सोडलं होतं. वरच्या दोरीला रिकाम्या बाटल्या, खालच्या दोरीला वजनं. उजाडायच्या आत तो ते उचलायला गेला होता.

त्याचे मनगटापुढचे हात पांढरे पडलेत, पाण्याने.

"राम राम, मामा."

"राम राम. लागलं का काही?"

"अजून नाही."

"थंडीत मासा लवकर तोंड लावत नाही. बसा निवांत."

तो जातो. तराफ्याने उठवलेली लाट तुमच्याकडे येते. देठ डोलतो. डोलतो. मग कमी डोलतो.

लाट संपेपर्यंत पाहा. कुठे संपली ते सांगता येतं का?

थंडीत माशाचं रक्तही थंड होतं. भूक मंदावते. तो कमी फिरतो, कमी खातो, खोल पाण्यात राहतो. त्याला बोलावता येत नाही. ऊन वर येईल, वरचं पाणी थोडं ऊबदार होईल, मग तो हलेल. तोवर करण्यासारखं काही नाही.

काही नाही, हे अंगात उतरू द्या. खांदे सोडा. जबडा सोडा. काठीवरची मूठ सैल करा, काठी पडणार नाही.

*

ऊन आलं.

आधी पलीकडच्या काठावर. मग पाण्यावर. वाफ उठायची थांबली.

देठाला आता सावली आहे. सावली पाण्यावर पडते, थोडी वाकडी, थोडी लांब.

पाण्याच्या वर एक काळा-पांढरा पक्षी हवेत एका जागी उभा आहे. कवड्या खंड्या. पंख इतके जोरात हलतायत की दिसत नाहीत. चोच सरळ खाली. अंग हलतं, डोकं हलत नाही.

त्याच्या डोक्याकडे पाहा.

तो पडतो. पाणी उडतं. रिकाम्या चोचीने वर येतो, थोडा पुढे जातो आणि परत हवेत उभा राहतो.

परत पडतो.

परत उभा राहतो.

त्याच्याकडे पाहताना तुमचा श्वास अडला असेल. सोडा.

*

मागे, टेकाडापलीकडे, वाड्या आहेत. तांडे आहेत. या दिवसांत तिथे फार आवाज नसतो.

दसरा-दिवाळी झाली आणि कोयते गेले. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, साखर कारखान्यांच्या फडांवर. नवरा-बायको मिळून एक कोयता. गाडीत भांडी, पोती, शेळी, लहान लेकरू. घराच्या दाराला कुलूप. मागे राहिलेल्या म्हाताऱ्या ओसरीवर बसून आहेत.

या जिल्ह्यात पाणी अजून भरपूर असतं, तेव्हाच माणसं निघून जातात. पाडव्याच्या मागेपुढे ती परत येतात, तेव्हा काठ फार आत गेलेला असतो.

त्यांच्यासाठी थोडा वेळ बसा. ती आत्ता कुठल्यातरी फडात वाकलेली आहेत. हातात कोयता आहे, पायात पाचट आहे. सूर्य तोच आहे.

तुमच्या श्वासाबरोबर त्यांचाही एक श्वास घ्या. तो जड असेल. घ्या.

आणि हे पाणीही दरवर्षी असं नसतं. या धरणात सुमारे ४५४ दशलक्ष घनमीटर पाणी मावतं. त्यातलं १४२ कालव्याच्या तोंडाखाली आहे, ते कालव्याने जात नाही. कडक उन्हाळ्यात मासे तिथेच गोळा होतात. २०१५ सरून २०१६ लागलं, तेव्हा कालव्यात सोडण्याजोगं पाणी उरलेलं नव्हतं. परळीचं वीज केंद्र पाण्यावाचून बंद पडलं होतं. शेजारच्या लातूरला एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. इथे गाळ तडकला होता. भेगांत हात जायचा.

तेव्हा इथे बसायला काठ नव्हता.

आज आहे.

आज देठ पाण्यात उभा आहे. पाहा.

*

देठ हलला.

थांबा. ओढू नका.

बारीक थरथर. टिक, टिक. ही बारकी मासोळी आहे, गोळीचे कण तोडतेय. तिला खाऊ द्या.

देठ शांत होतो.

हळूच काठी उचला. गळ रिकामा आला. नवी गोळी लावा. कणीक बोटांत मऊ करा, गळ झाकेल एवढीच घ्या. परत टाका. फेकू नका, सोडा. देठ आडवा पडतो, मग खालचं वजन त्याला ओढतं आणि तो उभा राहतो.

इथून जवळच पाण्यावर एक पच असा आवाज होतो. मरळ आहे. ती हवा प्यायला वर येते. कल्ले असूनही तिला वरची हवा लागते. पावसाळ्यात तिची पिल्लं तांबड्या ठिपक्यांच्या घोळक्याने पाण्याच्या वरच्या थरात फिरतात आणि आई-बाप खालून राखण करतात. तो तांबडा घोळका दिसला की तिथे गळ टाकू नका. ही माझी विनंती आहे. राखणीला असलेला मासा गोळीसाठी येत नाही, पिल्लांजवळ काही आलं म्हणून धावून येतो.

देठ परत हलला.

आता वेगळं आहे. तो थरथरत नाही. तो वाकतो. तिरका होतो. सरकायला लागतो, स्वतःच्या मनाने, वाऱ्याच्या उलट.

छातीत काय होतंय ते पाहा. इतक्या वेळच्या शांततेतून एक जनावर उठून बसलंय. त्याचे कान टवकारलेत. ते भुकेलं आहे. ते तुमचं आहे. त्यालाही पाहा, देठाला पाहिलं तसंच.

देठ पाण्याखाली गेला.

उचला.

काठी वाकते. तंगूस ताणतं, गुणगुणतं. हातात एक जीव धडपडतोय. तुम्ही वर ओढता, तो खाली ओढतो.

मृगळ आहे. वीतभर. या वयाचा मासा अजून वाढायचा आहे.

आधी हात पाण्यात बुडवा, ओले करा. माशाच्या अंगावर एक बुळबुळीत थर असतो, कोरड्या हाताने तो निघतो आणि मग माशाला रोग लागतो. ओल्या हाताने धरा. दाबू नका. गळ ओठातून जसा गेला तसाच मागे फिरवा.

तो तुमच्याकडे पाहतोय. त्याच्या डोळ्याला पापणी नाही.

पाण्यात हात ठेवा आणि त्याला हातातच राहू द्या. कल्ले उघडतात. मिटतात. उघडतात. त्याच्याबरोबर श्वास घ्या.

मग तो जातो. कधी गेला ते हाताला कळतं, डोळ्याला उशिरा कळतं.

*

दुपार होत आली आहे.

रविवार आहे, म्हणून माणसं येऊ लागली आहेत. मोटारसायकलवर तिघे. टेम्पोतून एक सगळं कुटुंब. आजी चप्पल काढून बाजूला ठेवते आणि लुगडं थोडं वर धरून पाण्यात पाय घालते. घोट्यापर्यंत. तिच्या तोंडातून एक हं निघतो.

तुम्हीही पाय घाला. घोट्यापर्यंतच. धरणाच्या पाण्यात पोहायला उतरू नका. तळ इथे सपाट असतो आणि पाऊलभर पुढे जुन्या विहिरीसारखा खोल. गाळ पाय धरून ठेवतो. ज्यांनी हे पाणी आयुष्यभर पाहिलंय, तेही तराफा सोडत नाहीत.

घोट्यापर्यंत पुष्कळ आहे.

पायाची बोटं हलवा. गाळ बोटांमधून वर येतो. पाणी गढूळ होतं. थांबा. गाळ खाली बसतो. बोटं परत दिसतात.

पोरं चपटे खडे शोधतायत. खडा पाण्यावर भाकऱ्या थापत जातो आणि बुडतो. एक पोरगं फार जोर लावतं, त्याचा खडा पहिल्याच ठिकाणी जातो. त्याची बहीण खडा आडवा धरते, मनगट वळवते, आणि खडा लांबवर उड्या घेत जातो. ती काही बोलत नाही. दुसरा खडा उचलते.

आवाज वाढलाय. वाढू द्या. कान बंद करायची गरज नाही. पोरांचा आवाज, बायकांचं हसणं, टेम्पोतलं गाणं. सगळं पाण्यावरून जातं आणि कटला, रोहू, मृगळ यांच्या पोटातल्या पिशवीपर्यंत पोचतं.

*

काठी आवरा. तंगूस बोटांवर घेऊन सोडवा, गाठ पडू देऊ नका. तुटलेलं तंगूस काठावर टाकू नका, खिशात घाला. त्यात बगळ्याचा पाय अडकतो.

भोई मामांनी मासे काढून ठेवलेत, ओल्या पोत्यावर. तलावाचा ठेका घेऊन, बोटुकली सोडून, रात्री जाळं राखून आलेला हा माल आहे. घासाघीस करू नका. रोहू घ्या. डोळा पारदर्शक आहे का, कल्ला लाल आहे का, एवढं पाहा. तराजूत ठेवला की काटा हलतो. थांबेपर्यंत थांबा.

घरी तो साफ होईल. काळं तिखट, सुकं खोबरं, लसूण, थोडं येसर. तेल सुटेपर्यंत परतणं. मग पाणी, मग उकळी, मग तुकडे. शेजारी ज्वारीची भाकरी थापली जातेय. तिचा आवाज ऐका. थप, थप, थप. तव्यावर पडली की आवाज थांबतो.

ताट पुढे आलं.

रोहूच्या मांसात बारीक काटे असतात, दोन टोकांचे, पाठीच्या कण्याला न जोडलेले. घाईने खाता येत नाही. पहिला घास छोटा घ्या. जिभेने शोधा. काटा सापडला की बोटाने काढा, ताटाच्या कडेला ठेवा. परत शोधा. डोळ्यांचं काम आता जीभ करते.

मांस गोडसर आहे. त्यात थोडा गाळाचा वास आहे. सकाळी श्वासात होता तोच.

बोलायचं असेल तर बोला, पण घास तोंडात असताना नको.

शेजारी लहान मूल बसलेलं आहे. त्याला अजून काटे कळत नाहीत. त्याच्यासाठी एक तुकडा घ्या, पाठीकडचा. बोटांनी उकला. उजेडाकडे धरा. एक काटा निघाला. अजून असेल. मांस दोन बोटांत चेपत जा, शेवटपर्यंत. अजून एक निघाला. परत चेपा. आता काही टोचत नाही. ते भाकरीच्या तुकड्यावर ठेवा, रश्शात बुडवा आणि त्याला द्या.

तो "अजून" म्हणतो. दुसरा तुकडा घ्या.